नंबरापुढं मी गावाचं नाव घातलं होतं

गड्यांनो, आज दुपारी ताईचा फोन आला. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती आष्ट्याला जाऊन राहिली होती. कुठं राहते ते फक्त आईला आणि मला ठाऊक. आणि आज तो तिच्या शिलाई क्लासच्या दारात उभा.

"त्याला गाव कुणी सांगितलं रं?" ताई विचारत होती.

"आईच्या तोंडातनं गेलं असंल," मी म्हणालो.

"आईला बोलू नगंस. तिकडंच राहिलेल्या पोराचा आवाज ऐकावा म्हणून काल नव्या नंबरावरनं त्या घरी फोन लावला. नवऱ्यानंच उचलला, मी लगेच कट केला. पण त्याच्या मोबाईलवर माझं नाव आलं, 'सुरेखा ताई आष्टा शिलाई क्लास'. आज दारात त्यानंच दाखवलं. मला ताई कोण म्हणतं रं?"

मी माझ्या फोनात तिचा नंबर काढून बघितला, तेच नाव, अक्षराला अक्षर.

मी इथं कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो. आमच्याकडची माणसं गावोगावची, नावं सारखीच, म्हणून सगळे नंबर गावासकट सेव्ह करतो. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ॲप घेतलं तेव्हा त्यानं माझे सगळे नंबर मागितले. मी न वाचता 'अलाऊ' दाबलं. मी सेव्ह केलेली नावं ते ॲप वापरणाऱ्या सगळ्यांना दिसायला लागली, ताईच्या नवऱ्यालाबी.

आज शेजारच्या बायकांनी त्या नवऱ्याला हाकललं. पण ताई आता आष्टा सोडतेय.

"कुठं चाललीस?"

"तुला न्हाई सांगणार."

ॲपवाल्यांनी मला विचारलं तरी. तिला कुणी विचारलं? मीबी नाही. तुमच्या फोनात कुणाकुणाच्या बहिणी अशा गावासकट पडल्यात? त्यांना विचारून दाबलंय का तुमी अलाऊ?