आधी विझलेल्या मेणबत्त्या

माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर किरटं, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. पण इंग्रजीवर इतकी माया आणि इंग्रजीच्या पेपरवर इतका राग असलेला माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज अख्ख्या माळव्यात सापडायचा नाही, हे मी ठामपणे लिहिते.

रेल्वेतून रिटायर झालेले काका उज्जैनच्या माधवनगरात आपल्या ओट्यावर मुलांना इंग्रजी शिकवत. शिकवता शिकवता त्यांचे डोळे मिटत आणि अर्धं राहिलेलं वाक्य डुलकी संपल्यावर पुरं होई. मुलं थांबत. पुस्तकातल्या ‘बर्फ पडू लागला तर तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, ‘उज्जैनला परत येऊ.’ धड्यात दिवाणखान्यातली शेकोटी आली, तेव्हा सगळ्या वर्गाला फ्रीगंजच्या बाजारात नेऊन त्यांनी हलवायाची भट्टी दाखवली. मग जिलबीही खाऊ घातली.

माझ्या रेवाला सहावीत इंग्रजी माध्यमात जायचं होतं. प्रवेशाच्या पेपरात वाढदिवसाची चित्रं क्रमाने लावायची होती. तिने विझलेल्या मेणबत्त्या आधी लावल्या, पेटलेल्या शेवटी. औक्षणाचं निरांजन विझू नये म्हणून मी पंखा बंद करते, हेच ती लहानपणापासून बघत आलेली. तेवढ्यावरून प्रवेश हुकला.

काका शाळेत गेले, मी रेवाला घेऊन त्यांच्या मागे पदर सावरत.

“मॅडम, बच्ची को अंग्रेज़ी आती है. आपका केक नहीं आता.”

मॅडम हसल्या. “अंकल, मेरी दादी भी दीया बुझाने नहीं देतीं. पर पेपर ऊपर से आता है.”

मार्क बदलले नाहीत. रेवा वाटभर रडली. पुढचं वर्षभर काका तिला प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं शिकवत राहिले. “आधी पेपरचं बोल, मग आपलं.” पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला.

आता रेवा इंदूरला नोकरी करते. काकांना धूसर दिसतं. परवा तिच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉल आला. मैत्रिणींनी केक आणला होता, इथे मी काकांना शेजारी बसवून फोनपुढे निरांजन लावलं. ती मेणबत्त्यांकडे क्षणभर बघत राहिली, मग तिने हलकेच फुंकर घातली.

“बरोबर ना, काका?”

“पूर्ण मार्क,” काका म्हणाले. त्यांचा हात मात्र केव्हापासून माझ्या निरांजनाला आडोसा धरून होता. पंखा तर मी आधीच बंद केला होता.