वहिनीच्या तिळाची विरळणी

मले तिळाचं सारं मालूम होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझी कीव करायले नको.

चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडं आमचं वावर. मोठा भाऊ वारला, तेव्हा बाबांनी विहिरीजवळचं अर्धं एकर वहिनीले कसायले दिलं. अट मात्र घातली, "उन्हाळी तीळ काढून दाखव. पिकला तर तुकडा तुह्या नावानं करतो. नाही पिकला तर धाकट्याकडं जाईल." धाकटा म्हणजे मी. ओलिताचा तेवढाच तुकडा, अन् माझा त्याच्यावर डोळा होता. होता म्हणजे होता.

वहिनीनं बारीक बी वाळूत मिसळून पेरलं. उगवलं झकास. पंधरा-वीस दिवसांत रोपांची दाटी झाली. तेव्हाच विरळणी करायची असते, दोन रोपांत सहा इंच सोडून बाकीची उपटून फेकायची. युरिया अर्धा पेरताना, उरलेला महिन्यानं. अकोल्याले कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत मी हे डोळ्यानं पाहून आलो होतो.

वहिनी बांधावर आली. "भाऊजी, बाया म्हणतात रोपं उपटा. मले तर जिवावर येऊन राहिलं. काय करू?"

"काहून उपटता? जितकी झाडं तितका तीळ. अन् युरियाले हात आखडू नका, दुप्पट फेका."

"बरं झालं बाप्पा, तुमाले विचारलं," म्हणाली. तिचं तोंड खुललं होतं.

तीळ कमरेच्या वर गेला, काळपट हिरवा. लोक वाहवा करत होते, मीही केली. मग एका वादळात सारा आडवा झाला. दाटीत फांद्या फुटल्याच नव्हत्या. झाडाले चार-दोन बोंडं, तीही पोचट. पेंढ्या उलट्या धरून झटकल्या, तर ताडपत्रीवर दाणे कमी अन् कचरा जास्त. बाबा म्हणाले, "हिच्या हातालेच यश नाही." मी तोंड उघडलं नाही. हलकट होतो, दुसरं काय!

पुढच्या उन्हाळ्यात तुकडा माझा, तीळही माझा. विरळणीले बाया सांगितल्या. वहिनीही आली, घरी बसली असती तर आईनं बोलून बोलून खाल्लं असतं. मी कामाच्या भरात ओरडलो, "सहा इंचावर एक ठेवा, बाकी उपटा! दयामाया करू नका!"

वहिनीनं मान वर केली. मुठीत उपटलेली रोपं होती.

"भाऊजी, हे तुमाले मागच्या सालीच मालूम होतं?"

बाया थांबल्या. खोटं बोलता आलं असतं. पण मले उलटा तिचाच राग आला, चारचौघीत विचारते म्हणून.

"होतं," म्हणालो. "चला, ओळ पुढं घ्या."

तिनं ओळ पुरी केली, एक रोप चुकीचं ठेवलं नाही. त्या साली तीळ भरभरून पिकला. तुकडा वहिनीले परत द्यावा असं बऱ्याचदा मनात येते. अजून दिला नाही.