नववीच्या वर्गातली गिरणीवाली

आमच्या गावातली शाळा आठवीपर्यंत होती. नववीपासून आष्टीच्या हायस्कूलला जावं लागे. त्या वर्षी जूनमध्ये मी आष्टीला जाऊ लागले आणि त्याच सुमारास घरात धावड्याचं नाव वरचेवर निघू लागलं.

धावड्याला आत्या राहते, वडिलांची थोरली बहीण. आष्टी जिल्ह्याच्या एका टोकाला, धावडा दुसऱ्या टोकाला, मध्ये जालना. आत्याचा मुलगा माझ्याहून थोडा मोठा, तेव्हा आयटीआय करत होता. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क धरतात. हा हक्क कुठे लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना तो पाठ असतो. मी पाळण्यात असल्यापासून आत्या मला 'माझी सून' म्हणत आली होती. तेव्हा सगळे हसत. मी नववीत गेले तेव्हाही ती तेच म्हणत होती, फक्त हसणारे कमी झाले होते. वडील म्हणत, "दहावी होऊ दे." दहावी पुढच्याच वर्षी होती.

मुलात खोट नव्हती. त्याला व्यसन नव्हतं. विहिरीवरची मोटार तो स्वतः खोलून दुरुस्त करायचा. माझ्याशी कमी बोलायचा, पण बोलला तर नीट बोलायचा. मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतं आणि का नाही, ते सांगता येत नव्हतं. आमच्या घरात नकाराला कारण लागतं. मुलगा पितो, घर लांब आहे, सासू खाष्ट आहे, असं काहीतरी. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे मी गप्प होते आणि त्या वर्षभर एका जागी बसू शकत नव्हते. भाकरी अर्धी थापून उठायची, अंगणात जायची, परत यायची. रात्री अंथरूण दोनदा बदलायची. आई म्हणायची, "काय हाय तुझ्या अंगात? बस की जरा." मी बसायची आणि पुन्हा उठायची.

इंग्रजीचे सर नवे होते. जालन्याच्या मस्तगड भागातले, घरी सगळे नोकरदार. शिक्षणसेवक म्हणून त्यांची ही पहिलीच नेमणूक होती. म्हणजे नोकरी अजून पक्की झालेली नव्हती आणि एखाद्या पालकाची तक्रारही महागात पडू शकत होती. आष्टीत खोली घेऊन राहायचे, शनिवारी दुपारी जालन्याची गाडी पकडायचे. बोलायचे पुस्तकासारखं. 'नाही'तला 'ना' ते इतका लांबवत की मागच्या बाकावरची मुलं त्यांची नक्कल करत.

इंग्रजी शिकवायची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. सर इंग्रजी वाक्य वाचतात, मग त्याचा मराठी अर्थ सांगतात. मुलं तो अर्थ पेन्सिलीनं ओळीच्या वर लिहून घेतात. वर्षाअखेरीला पुस्तकात इंग्रजीपेक्षा पेन्सिलीचं मराठीच जास्त दिसतं. इंग्रजी कुणी वाचत नाही. सर जे सांगतील ते पुस्तक.

पाठ्यपुस्तकात एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला उतारा होता. नदीकाठी पिठाची गिरणी, तिथे नातेवाइकांकडे वाढलेली एक अनाथ मुलगी, रात्रभर चढत जाणारं पुराचं पाणी. ती एकटी उठून गिरणीचं दार बंद करायला जाते आणि तिथे उतारा संपतो. वर्गानं एका सुरात विचारलं, "मंग?"

सरांनी पुढच्या सोमवारी जालन्याहून आख्खं पुस्तक आणलं. जाड, पिवळ्या पानांचं, पुठ्ठा सुटलेलं. दर गुरुवारी चित्रकलेचा तास मोकळा असायचा, कारण चित्रकलेचे सरच नव्हते. त्या तासाला सर ते पुस्तक उघडायचे, मनात वाचायचे आणि मराठीत सांगायचे. वर्गानं त्या मुलीचं नाव गिरणीवाली ठेवलं होतं. मी बुधवारपासूनच गुरुवारची वाट पाहायची.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच्या गुरुवारी सर एका पानावर अडकले. डोळे पुढे गेले, मागे आले. खिडकीबाहेर पाहून त्यांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "तर मुलांनो, ती ज्यांच्याकडे राहत होती, ती तिची आत्या. आणि त्या आत्याचा मुलगा तिला लग्नाची मागणी घालतो."

माझ्या शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. "तुझंच चाललंय गं, धावडेवाले."

सर पुढे सांगत होते. घरचे सगळे जेवायला बसलेले असतात. मुलगा चांगला, कष्टाळू, घरची गिरणी. सगळ्यांना वाटतं ती हो म्हणणार. ती म्हणते, "माझी इच्छा नाही." आणि मग शेजारच्याला सांगते, पाव इकडे द्या.

वर्गात गलका झाला.

"सर, आत्याचा पोरगा तर हक्काचा ऱ्हातो!"

"त्यो पितो का सर?"

"नाही."

"मंग त्याला दुसरी कोणी हाय काय?"

"नाही. तसं काहीही नाही."

"गिरणी हाय, घर हाय, आत्याचं घर हाय. मंग पोरीला अडचण काय?"

सर म्हणाले, "तिची इच्छा नाही."

"आवो पण कारण काय?"

"हेच कारण."

मागून एक जण म्हणाला, "सर, असं बिलकुल न्हाई चालत. आमच्या गावात असं म्हणलं तर पाव तर सोडा, भाकर बी न्हाई भेटायची." सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांना सुटल्यासारखं वाटल्याचं तोंडावर दिसत होतं. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

मी हसले नव्हते. कारण नसणं हेच कारण होऊ शकतं, ही माझ्यासाठी नवी माहिती होती. ती छापील पुस्तकातून आली होती आणि त्या पुस्तकात आत्याचाच मुलगा होता. संध्याकाळी वाती वळताना मी आईला ती गोष्ट सांगितली. आईनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग ती ऱ्हायली कुठं?" ते सरांनी अजून सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेला आत्या आली. दरवर्षी येते. या वेळी बरोबर मुलगा होता आणि तिनं नवी काठापदराची साडी नेसली होती. वडील पाटावर बसले. आत्यानं ओवाळलं, टिळा लावला. वडिलांनी ताटात ओवाळणी टाकायला हात पुढे केला, तसं तिनं ताट मागे घेतलं.

"यंदा साडी नको का पैशे नकोत. ओवाळणीत पोरगी टाक."

हे ती दरवर्षी म्हणायची आणि ताट पुढे करायची. या वेळी ताट मागेच राहिलं. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात काही न टाकता भाऊ उठत नाही. वडील हसले, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आधी जेवून घेऊ ताई," म्हणाले. निरांजन तसंच जळत राहिलं.

सगळे जेवायला बसले. मी वाढत होते, पण आत्यानं मला हाताला धरून खाली बसवलं.

"तूच सांग गं. दहावी झाली की साखरपुडा. येती ना धावड्याला?"

मी म्हणाले, "माझी इच्छा नाही."

सरांच्या उच्चारात म्हणाले. आमच्या घरात असा 'ना' कुणी लावत नाही. नंतर काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून म्हणाले, "शेंगदाण्याची चटणी द्या."

वाटी आत्याच्या मुलाच्या हाताजवळ होती. त्यानं वर न बघता ती माझ्याकडे सरकवली.

"इच्छा?" आत्या म्हणाली. "ही कुठून आणली हिनं?"

आईला विषय हलका करायचा असावा. ती म्हणाली, "आवो, त्यांच्या शाळंत गोष्ट चालू हाय. त्यातली पोरगी असंच बोलती. आत्याच्या पोराला न्हाई म्हणती. हिनं तेच पाठ करून ठेवलंय."

आत्याचा हात ताटावर थांबला. ती माझ्याशी बोललीच नाही. भावाला म्हणाली, "आष्टीला तू हिला हे शिकायला घातली? भावाच्या दारात येऊन मी हे ऐकू? त्या मास्तराला विचार. मंग मला फोन कर. तवर तुझी ओवाळणी तुझ्याजवळ ठेव."

दुपारच्या गाडीनं ती गेली.

सुट्टी संपेपर्यंत वडील माझ्याशी कामापुरतं बोलले. शाळा उघडली त्या सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली. "बस," म्हणाले.

शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच होते. वडील खुर्चीवर बसले नाहीत.

"सर, तुमी वर्गात काय शिकवून राह्यले? आत्याच्या पोराला न्हाई म्हणा म्हणून शिकवता का?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मुख्याध्यापकांची खोली शेजारीच होती.

"तसं नाही हो. ते कादंबरीत आहे."

"कादंबरीत आत्याचं पोरगं हाय?"

सर उठून कपाटाकडे गेले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि पाय बदलत होते. मला वाटत होतं, 'हाय' म्हणाले तर ते अडकतील. दुसरं उत्तर असू शकतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

सरांनी कपाटातून पुस्तक काढलं, ते पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते वाकून बघत राहिले.

"पुस्तकात ती तिच्या आईच्या बहिणीकडे राहते," सर म्हणाले. "मावशीकडे. मागणी घालतो तो मावशीचा मुलगा."

वडिलांनी मान वर केली. "मावसभाऊ? भाऊच की तो!"

"म्हणूनच मी बदललं. वर्गात सांगितलं असतं तर गावात बोंब झाली असती, सर भावाबहिणीचं लग्न शिकवतात म्हणून. आत्याचा मुलगा आपल्याकडे चालतो. म्हटलं, तेवढं बदललं की कुणाला काही खटकणार नाही."

वडील शेवटी खुर्चीवर बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मावसभावाला तर कोणीबी न्हाईच म्हणंल," ते सावकाश म्हणाले. "त्यात शिकण्यासारखं काय हाय?"

"काहीच नाही," सर म्हणाले. एवढ्यावर त्यांची सुटका झाली होती. मला वाटलं, आता मला धावड्याला जावं लागणार. पुस्तक माझ्या बाजूला उभं होतं, ते या माणसानं एका वाक्यात काढून घेतलं. मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते.

"म्हंजे पुस्तकात न्हाई ते," वडील म्हणाले.

"नाही."

"तुमीबी तिला सांगितलं न्हाई, घरी असं बोल म्हणून?"

"बिलकुल नाही. मला तर तिच्या घरातलं काही माहीतच नव्हतं."

वडिलांनी टोपी घातली. माझ्याकडे पाहिलं, बाजारात आपलंच जनावर दुसऱ्याच्या दावणीला दिसावं, तसं. मग सरांना नमस्कार करून बाहेर आले. मला वर्गात जा म्हणाले नाहीत, घरी चल म्हणाले नाहीत. मोटारसायकल उभी होती तिथपर्यंत मी मागे मागे गेले.

"ते चटणीचं तरी पुस्तकातलं हाय का?" त्यांनी विचारलं.

"पाव होता. पाव मागितला होता तिनं."

"हं."

त्यांनी खिशातून फोन काढला. धावड्याला पहिल्यांदा लागला नाही. ते शाळेच्या कुंपणाला धरून रस्त्याच्या कडेपर्यंत गेले, परत आले, पुन्हा लावला. तिकडून आत्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. इकडचे कळत होते. आधी कापसाचं विचारलं. मग पोराच्या परीक्षेचं विचारलं. मधे बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले, आणि चपलेच्या टोकानं एक खडा मागे-पुढे करत राहिले. शाळेची घंटा झाली. मी हलले नाही.

"भेटलो मास्तरला," ते म्हणाले. "न्हाई ताई, त्यांनी न्हाई शिकवलं. पुस्तकातबी न्हाई. मी बघितलं बराबर." आत्या काहीतरी बोलत होती. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई ना. तेच सांगून राह्यलो. ते तिचंच हाय."