बंधाऱ्यावरच्या बाईचं बोलणं

यार्मिला चेक देशातल्या ब्रनो शहरात, आमच्या कंपनीत, व्हिडिओ गेममधल्या माणसांचे संवाद लिहायची. आमचे खेळ म्हणजे एक अख्खा मुलूख. खेळणाऱ्याने हवं तिकडे हिंडावं, भेटेल त्याच्याशी बोलावं, त्याला लुटावं, नाहीतर मारावं. त्याने काय विचारलं तर समोरचा काय म्हणेल, याच्या फांद्या आम्ही लिहीत बसायचो. तिचं टेबल माझ्या शेजारी होतं. आधी ती बाहुल्यांच्या नाटकात होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य पुटपुटून बघायची.

तिचा धाकटा भाऊ ओताकर घर सोडून गेला होता. वडिलांच्या अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसले असताना आईने त्याला विचारलं, दवाखान्यात एकदाही का आला नाहीस? त्याने ताट बाजूला सरकवलं. यार्मिलाच म्हणाली, "त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही." तो उठला, कोट घेतला आणि गेला. मग नंबरही बदलला. पोलिसांनी त्याला शोधून काढलं, पण तो सुखरूप आहे आणि पत्ता द्यायला त्याची ना आहे, एवढंच कळवलं.

आमचा पहिला खेळ मात्र त्याने वेड्यासारखा पुन्हा पुन्हा खेळला होता. दुसराही तो खेळणार, याची तिला खात्री होती. म्हणून तिने बंधाऱ्यावरची बाई लिहिली.

ही म्हातारी बंधाऱ्याचं दार सांभाळायची. पुढे जायचं तर तिच्याकडची किल्ली हवी. तिच्यापाशी बसून "बरं, मग?" असं विचारत राहिलं, की ती उलगडत जायची. शेवटी सांगायची, की तिचा मुलगा खसखशीला काळी वाळू म्हणायचा. अजून ती काळ्या वाळूचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, करते आणि दाराला कडी लावत नाही. लहानपणी हा शब्द ओताकरचा होता. घराबाहेर तो कुणालाच माहीत नव्हता.

आमचा प्रमुख रादिम म्हणाला, इतकं कोण ऐकणार, अर्धं काप. यार्मिला कधी भांडायची नाही, यावर मात्र भांडली. बोलणं राहिलं, पण किल्ली मिळवायला ते ऐकायची सक्ती उरली नाही. चोरी करा, मारा, किंवा ऐका.

खेळ बाजारात आला आणि बाई गाजली. लोकांनी तिची चित्रं काढली. कुठून कुठून पत्रं आली, माझी आई अशीच होती म्हणून. यार्मिला सगळी वाचायची, आधी खालचं नाव बघून. दर रविवारी आई विचारायची, काही कळलं का. त्या वसंतात आई गेली.

निधनाची बातमी ओताकरला कुणीतरी दाखवली असावी. तो आला. विधीच्या वेळी मागच्या बाकावर बसला. नंतर तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे पबमध्ये जेवायला गेले; यार्मिला, तो आणि मी एका टेबलाशी होतो. सूप आलं, निवलं.

"आमचा नवा खेळ बघितलास का, ओता?" तिने विचारलं.

"दोनदा खेळलो."

"बंधाऱ्यावर एक म्हातारी होती."

"किल्लीवाली? तिला मारलं मी. बोलायला लागली की थांबत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं."

"दुसऱ्या वेळी?"

"तेव्हाही. सोपं पडतं ते." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "का गं? तू लिहिली होतीस?"

"नाही," यार्मिला म्हणाली, "दुसऱ्या कुणीतरी."

आई शेवटी काय बोलली, असं त्याने विचारलं. शेवटी बोलतच नव्हती, असं यार्मिला म्हणाली. ते खरं होतं. जाताना त्याने नंबर दिला. तिने दोनतीनदा लावला. त्याने उचलला, हवापाण्याचं बोलला, कामात आहे म्हणाला. पुढे तिने लावला नाही, त्यानेही नाही.

तिसऱ्या खेळात लोकांना ती बाई पुन्हा हवी होती. रादिमने यार्मिलाला विचारलं. ती म्हणाली, मला वेशीवरचे शिपाई दे. ते काम कुणालाच नको असतं. थांब, कुठून आलास, जा पुढे, एवढंच बोलतात ते. तिला ते लगेच मिळालं.

बाई माझ्याकडे आली. मी जीव ओतून लिहिली आणि यार्मिलाला वाचायला दिली. तिने शेवटपर्यंत वाचलं, एक स्वल्पविराम खोडला आणि ठीक आहे म्हणाली. वाचताना ती पुटपुटत नव्हती, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.