कबनूरला आलेला गिटारवाला

जर्मन मी शिकले ती नोकरीच्या आशेनं. इचलकरंजीत परदेशी यंत्रं यायला लागली होती. त्यांची माहितीपुस्तकं समजावून सांगणारं माणूस कारखानदारांना लागणार, असं माझ्या वडिलांनी कुठंतरी ऐकलं. ते कोल्हापुरात टपाल खात्यात होते. बी.एस्सी. झाल्यावर त्यांनीच मला विद्यापीठातल्या संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात नाव घालायला लावलं. मी मन लावून शिकले. रेल्वे स्टेशन कुठं आहे हे मला जर्मनमध्ये बिनचूक विचारता यायचं. फक्त ते ज्याला विचारायचं असा जर्मन माणूस मी कधी पाहिला नव्हता.

तो भेटला नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी. आमच्या जर्मनच्या सरांनी निरोप पाठवला की पुण्यात कसल्याशा कार्यक्रमासाठी आलेला एक जर्मन पाहुणा इचलकरंजीशेजारच्या कबनूरमध्ये एका यंत्रमाग कारखान्यात जाणार आहे आणि त्याला दुभाषी पाहिजे. सर स्वतः परीक्षेच्या कामात अडकले होते. "यंत्रांबद्दलच बोलणार असेल. शब्दकोश घेऊन जा," म्हणाले. मी बसमध्येही स्क्रू, पट्टा, दाते, वंगण असले शब्द घोकत होते.

कारखान्याच्या दारात आम्ही त्याची वाट बघत उभे होतो. मालक शेतकरी घरातला माणूस. शेती भावाकडं सोपवून त्यानं माग टाकले होते. कारखान्यात आतून मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे सगळं ओरडूनच बोलावं लागत होतं. जीपमधून पाहुणा उतरला. उंच, किंचित वाकलेला, पांढरे होत चाललेले केस नीट कापलेले. नव्या कोल्हापुरी चपलेनं अंगठा सोलला होता, त्यावर पट्टी. बरोबर एक लांबट काळी पेटी. मालकानं हार घातला आणि मला काही बोलायची संधी न देता त्याला थेट मागच्या खोलीत नेलं. तिथं एक जर्मन बनावटीचं, कांडीवर सूत भरायचं मशीन बंद पडून होतं.

पाहुण्यानं मशीनकडं पाहिलं. वाकून बोटाच्या पेरानं त्याच्या पत्र्यावर टकटक केली, कान लावला, पुन्हा दुसरीकडं टकटक केली.

"बघितलंसा मॅडम?" मालक माझ्या कानाशी म्हणाला. "नुसत्या आवाजावर दोष वळखतोय!"

मी पाहुण्याला घोकलेलं जर्मन वाक्य म्हटलं, "यात काय बिघडलंय, असं ते विचारताहेत."

तो हसला आणि काहीतरी बोलला. त्याची जर्मन पुस्तकातल्यासारखी नव्हती, अर्धे शब्द तो गिळत होता. मी पुन्हा सांगायला सांगितलं. तेव्हा त्यानं सावकाश सांगितलं, "मला यंत्रातलं काही कळत नाही. मी गिटार वाजवतो."

मला वाटलं माझी चूक होतेय. पण गिटारला जर्मनमध्येही जवळजवळ गिटारच म्हणतात.

"काय म्हणतोय?" मालकानं विचारलं.

"ते गिटार वाजवतात."

"म्हंजे ऑर्केस्ट्रावाला? मग हितं काय काम?"

मी विचारलं. उत्तर आलं, "आवाज ऐकायला आलोय." नृसिंहवाडीला जाताना त्याची गाडी कबनूरमध्ये चहाला थांबली होती. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक कारखान्याची चाल थोडी वेगळी होती. ती त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून तो परत आला होता.

मालकानं हे ऐकून घेतलं. त्याची निराशा झालेली दिसत होती. पण माणूस दिलदार. "आमचं कान फुटायची पाळी आली ह्या आवाजानं, आन् ह्यो मुद्दाम ऐकाय आलाय! बसा की पावणं, काय ऐकायचं ते ऐका!"

पाहुणा मागांच्या दोन रांगांच्या मधे स्टुलावर बसला. बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग काळी पेटी उघडून त्यानं गिटार काढली, एक छोटा स्पीकर जोडून घेतला आणि वाजवायला लागला. आता हा एखादी धून वाजवील असं आम्हाला वाटलं. तो एकच स्वर वाजवत होता. मागात इकडून तिकडं धावणारा धोटा आपटला की थोडा मागे, पुढच्या खेपेला थोडा पुढे. कधी तारांवर लोखंडी पट्टी घासायचा. कामगार माना वळवून बघत होते. कांडी भरणाऱ्या एका मावशींनी मला हातानं जवळ बोलावून विचारलं, "पोरी, ह्यो वाजवतोय का एकादा माग बिघडलाय?"

मला हसू आलं. पण एक गोष्ट जाणवली. इतका वेळ मला तो सगळा एकच गोंगाट वाटत होता. आता त्यातले माग वेगवेगळे ऐकू यायला लागले होते. कोपऱ्यातला लंगडत चालणारा, खिडकीजवळचा घाईत असलेला.

आणि वीज गेली. माग थांबले, पंखे थांबले, स्पीकरही गप्प. पाहुण्याचा हात तसाच तारांवर होता. त्यानं मान वर केली आणि लहान पोरासारखा खदखदून हसला. मालकानं वीज मंडळाला चार शिव्या हासडल्या. त्या मी भाषांतरित केल्या नाहीत.

दुपारी मालकाच्या घरी जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, दही. तिथं मला त्याला हवं ते विचारता आलं आणि मी एकामागून एक विचारत सुटले. असलं वाजवणं हाही कुणाचा धंदा असू शकतो, हेच मला नवीन होतं.

त्याचं असं की तो एका छोट्या गावातला. मालकानं मधेच विचारलं, "बाप मागावर व्हता काय ह्येचा?" मलाही तसंच वाटलं होतं. पण नाही, बापाची बेकरी होती. कोवळ्या वयात तो नाचाच्या कार्यक्रमांत अमेरिकन गाणी वाजवायचा, अगदी हुबेहूब. एकदा वाजवता वाजवता त्याला वाटलं, यात आपलं काय आहे? मग पाच-सहा मित्रांनी मिळून एका खेड्यातली बंद पडलेली शाळा भाड्यानं घेतली. तिथंच राहायचं, तिथंच शिजवायचं आणि दिवसभर वाजवायचं. गाणं नाही, कडवं नाही, एक ठेका धरायचा आणि तो कुठं नेतो ते बघायचं. त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. इंग्लंड-फ्रान्समधल्या लोकांना त्या आवडल्या, गावातल्या लोकांना मुळीच नाहीत.

"मग?"

"मग मी सोडलं. रुग्णवाहिका चालवायला लागलो."

"का?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ती किती छान आहे हे मालकिणीला सांगायला सांगितलं. माझा प्रश्न तसाच राहिला. जाताना त्यानं मला त्यांच्या जुन्या वाद्यवृंदाची एक कॅसेट दिली.

ती मी घरी वडिलांबरोबर ऐकली. वडील आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावची बोलावणी असत. सुराला पक्के. कॅसेट सुरू झाली, गिटार एका सुरावर आली आणि तिथंच राहिली. वडील मान हलवत बसले होते. कॅसेटची बाजू संपली तेव्हा म्हणाले, "सूर चांगला लावलाय. पण गाणं कधी चालू करणार?" मी कॅसेट उलटी घातली. दुसऱ्या बाजूलाही गाणं चालू झालं नाही. तरी त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. कुणाचाही कार्यक्रम अर्धा सोडून उठायचं नाही, ही त्यांची शिस्तच होती.

पुढं मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. राजारामपुरीत इंटरनेटची दुकानं निघाली तेव्हा तिथं बसून मी पहिल्यांदा जे शोधलं ते त्या माणसाचं नाव. फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी नुसते केस, मग आणखी केस, मग कपाळ. खांद्याच्या खाली रुळणारे केस, उघडी छाती, हातात तीच गिटार. खाली लिहिलेलं वाचून मी चक्रावले. आमच्याकडं भाकरी खाऊन गेलेला तो गृहस्थ त्या प्रकारच्या संगीताचा एक आद्य माणूस समजला जात होता. रुग्णवाहिकेनंतर त्यानं नाटकांसाठी, नभोनाट्यांसाठी संगीत केलं होतं. वर्षानुवर्षं घरात एकटाच टेपच्या यंत्रांवर काम करत होता. आणि आता अचानक तरुण पोरं त्याच्या जुन्या रेकॉर्ड शोधत होती, त्या सीडीवर नव्यानं निघत होत्या, त्याला मोठमोठ्या महोत्सवांची बोलावणी होती.

मी त्याला ईमेल लिहिला. व्याकरण चार वेळा तपासलं. उत्तर आलं, "कांडीचं मशीन दुरुस्त झालं का?"

मग काही महिन्यांनी त्याची नवी सीडी पोस्टानं आली. त्यातल्या एका तुकड्याचं नाव होतं कबनूर, स्पेलिंग चुकलेलं. मी ती घेऊन मालकाकडं गेले. मालकाच्या माडीवर सगळे जमले. मालक, मागांची दुरुस्ती करणारा जॉबर, कांडीवाल्या मावशी. आपला कारखाना सीडीवर आलाय म्हणून मालकानं भजी मागवली होती. तुकडा सुरू झाला आणि संपला. त्यात मागाचा आवाजच नव्हता. नुसती गिटार.

"आमचं माग कुठं गेलं?" मालक म्हणाला. "न्हाय म्हंजे, वाजवलंय झ्याक. पण माग कुठं हायत?"

जॉबर म्हणाला, "जर्मनीत उतरताना पडलं असत्याल." सगळे हसले.

मला मात्र चैन पडेना. मी जर्मनीला ईमेल करून विचारलं. त्यानं लिहिलं की मागांसकट त्यानं पुष्कळ दिवस प्रयत्न केला. पण प्रत्येक वेळी माग खरे वाटायचे आणि गिटार त्यांच्याशेजारी उगाच उभी असल्यासारखी. म्हणून त्यानं माग काढून टाकले आणि गिटारला एकटीला त्या चालीनं चालता येतं का ते बघितलं. "जमलं की नाही मला माहीत नाही," असं शेवटी होतं. एवढा नावाजलेला माणूस, आणि त्याला माहीत नव्हतं. मी ते वाक्य वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग खरा वाजवणारा हाय."

पुढं दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा भारतात आला आणि त्यानं स्वतःहून कोल्हापूरला यायचं ठरवलं. आमच्या सरांनी एक छोटं सभागृह मिळवलं. गिटारचा कार्यक्रम म्हटल्यावर लोक जुन्या हिंदी गाण्यांच्या अपेक्षेनं आले. पहिल्या स्वरानंतर बराच वेळ दुसरा स्वर येईना तेव्हा खुर्च्या वाजायला लागल्या. एकानं तर उठून फर्माईशही केली, नाव एका सिनेमातल्या गाण्याचं. मी स्टेजच्या बाजूला उभी राहून घामाघूम झाले होते. निम्मं सभागृह रिकामं झालं. कबनूरची मंडळी मात्र बसून होती, मावशींसकट. वडील पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

कार्यक्रमानंतर वडील त्याच्याकडं गेले. "जयभीम साहेब," म्हणाले, आणि मला पुढं केलं. "त्यांना विचार, एकच सूर इतका वेळ का धरतात."

त्यानं प्रश्न ऐकून वडिलांकडंच बघत उत्तर दिलं. "सुरुवातीला तो माझा असतो. पुष्कळ वेळ वाजवला की माझा राहत नाही. मग मला तो ऐकता येतो."

वडिलांनी मान डोलावली. मग मी माझा जुना प्रश्न काढला. सगळं चांगलं चाललेलं असताना वाद्यवृंद का सोडला?

या खेपेला त्यानं सांगितलं. "लोकांना आमचं ठाऊक व्हायला लागलं. कुठं टाळ्या वाजवायच्या हे ते घरूनच ठरवून यायला लागले. मग आम्हीही तिथंच थांबायला लागलो." पुढं म्हणाला, "आज निम्मे लोक उठून गेले. बरं वाटलं. फार वर्षांत असं झालं नव्हतं."

शेवटचं वाक्य वडिलांना सांगताना मी जरा घाबरले. पण ते मोठ्यानं हसले. "उद्या सकाळी घरी या म्हणावं चहाला."

तो आला. वडिलांनी पेटी काढून ठेवली होती. त्यानं भाता हलवून पाहिला, पट्ट्या दाबून पाहिल्या, आतून येणाऱ्या हवेच्या फुसफुशीवरच जास्त खूश झाला. मग त्यानं गिटार घेतली, स्पीकर न जोडता. सुरुवातीला काही जमेना. वडील सवयीनं गाण्याकडं वळायचे आणि तो मागे राहायचा. मग वडिलांनी पेटीवर षड्ज धरला आणि नुसते बसले. तो त्याभोवती हळूहळू फिरायला लागला. थोड्या वेळानं वडिलांनी, न ठरवता, एक जुनी चाल धरली. जयंतीला वाजवायचे ती, पण फार सावकाश. तो तिच्याखाली एकच स्वर धरून राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात चहाचा ट्रे तसाच.

त्याच्या पिशवीत रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र होतं. मधे थांबल्यावर त्यानं ते काढलं आणि मला नजरेनं विचारलं. मी वडिलांना विचारलं.

"नको," वडील म्हणाले. "मशीन लावलं की माझं लक्ष मशीनकडं जातं. नुसतं वाजवूया की."

मी भाषांतर करायच्या आतच त्यानं यंत्र पिशवीत टाकलं होतं. दोघं पुन्हा वाजवायला बसले.

पुढं त्याच्या बोटांचं दुखणं वाढलं आणि त्यानं गिटार जवळजवळ सोडली. आता तो दुसऱ्यांनी वाजवायचं संगीत लिहितो, असं त्यानं कळवलं. मी विचारलं, दुसऱ्याच्या हातून आपला स्वर ऐकताना कसं वाटतं? त्याचं उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यात एकच ओळ होती: "तुझ्या वडिलांना विचार, ते पेटी दुसऱ्याच्या हातात देतात तेव्हा काय करतात."

मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "काय करणार? आधी हात वळवळतात. मग ऐकायला बसतो."