दादाच्या वह्या आणि माझे खोटे तास

दादा गेला त्याला वीस दिवस झाले. माझा मोठा भाऊ. बंदरावर बसून प्रत्येक बोटीचा मासा वहीत लिहायचा, तीस वर्षं. मी बोटीवर. म्हणजे शार्क मी ओढायचे आणि लिहायचे त्याने. मान कुणाला, तर लिहिणाऱ्याला. मला ते कधी पचलं नाही, खोटं कशाला बोलू. घरात पण तेच. आई भाकरी वाढताना आधी त्याच्या ताटात बघायची.

तो प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारायचा. शार्क किती, आणि जाळं पाण्यात किती तास. मी म्हणायचो, "तास कशाला रे? घड्याळ विकायचंय का?"

"अरे येड्या, दहा शार्क चार तासांत मिळणं आणि तेवढेच बारा तासांत मिळणं सारखं का? समुद्रात किती उरलेत ते त्यावरून कळतं."

मग मी तासच कमी सांगायला लागलो. बारा झाले तर आधी आठ, पुढे पाच, मग चार. निदान त्याच्या वहीत तरी मी सगळ्यांच्या वरचढ दिसावं. सहा वर्षं असंच चाललं.

परवा एक मॅडम आल्या. शार्क वाढले की घटले ते अशा वह्यांवरून काढतात म्हणे. वहिनीने सगळ्या वह्या पुढ्यात ठेवल्या. दिवसभर हिशेब मांडून, साहेबांना फोन लावून मॅडम म्हणाल्या, "सगळ्या बोटींचे तासामागचे शार्क घटत गेलेत, एकाच बोटीचे गेली सहा वर्षं वाढताहेत. आमचे साहेब म्हणतात, लिहिणाराच भरवशाचा नाही, वह्या सोडून द्या."

वहिनीचा चेहरा एवढासा झाला.

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? जाऊ दे. मेल्यावर पण लोक गाडी करून त्यालाच शोधत येतात. एकदा तरी तो खोटा ठरू दे.

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. मनाचं लिहिणारे होते का हे?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण ते जमेना. म्हटलं, "ती बोट माझी. त्याने मी सांगितलं तेच लिहिलं. फेकलं मी."

"त्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, धाकटा फेकतो, पण समोरच्याने सांगितलेलं आपण बदलायचं नसतं."

बघा. म्हणजे तिथे पण तोच मोठा.

मॅडमने माझी सहा वर्षं बाजूला काढली, पुन्हा हिशेब मांडला. सगळं जुळलं. शार्क निम्म्याच्याही खाली आलेत. वह्या धरणार म्हणाल्या, दादाचं नाव छापणार.

मी विचारलं, "आणि माझं?"

"काका, तुमची बोट वगळलेल्यांच्या यादीत येईल."

वहिनी खुदकन हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसली, ते पण माझ्यावर. हसू दे.