जाळायची चिठ्ठी

फौजेत प्रत्येकाचा एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. वरच्या चौकीवर चढण्याआधी आमच्या तुकडीत दोघं आपापली घरच्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी एकमेकांच्या हाती देतात. एक परतला नाही, तर दुसऱ्याने ती पोचवायची. दोघं परतले, तर न वाचता जाळायची. गोळाबारीत माझ्या बडीचा पाय गेला, पण तो जगला. त्याला खाली दवाखान्यात नेलं आणि त्याची चिठ्ठी माझ्या खिशात राहिली.

ती मी जाळली. पण आधी वाचली. लढाईवर कादंबरी लिहायचं खूळ तेव्हा डोक्यात शिरलं होतं. हात शिवशिवले आणि चिठ्ठी शब्दन् शब्द कादंबरीच्या वहीत उतरवून घेतली, नावं तेवढी बदलली. फोनवर त्याला सांगितलं, जाळली.

यंदा सुट्टीत जवाहरनगरला घरी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सीमेवर पुन्हा तापलं होतं, सुट्टी कधीही रद्द झाली असती. त्याआधी त्याने एकट्याने ते पान वाचावं आणि मला माफ करावं, एवढंच हवं होतं. एसटीने तुमसर गाठलं, तिथून नाकाडोंगरीकडचं त्याचं गाव. नकली पाय बाजूला काढून तो ओसरीत मासे धरायचं जाळं विणत होता. माझं तोंड उघडेना. वही नुसती पुढे केली.

"माहे हात गुतले," तो म्हणाला आणि वही बायकोकडे गेली. "तू वाच वं, आयकतो मी."

तेव्हाच थांबवायला हवं होतं. लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, चहाची थट्टा वाचून ती हसली. मग कादंबरीतल्या नायकाची चिठ्ठी आली. 'तुझा नर्सिंगचा फॉर्म मी पोस्टात टाकलाच नाही. तू शहरात गेलीस तर परत येणार नाहीस, असं वाटलं. नंबर लागला नाही, हे खोटं होतं.'

तिचा आवाज थांबला. त्याचे हातही. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. माझी मलाच लाज वाटत होती.

"जाळली म्हनलं होतं ना तू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

ती पानं उलटत राहिली. "भाऊजी, हे वाचून ते बाई काय म्हनते? पुढं तं कुठीच नाही."

"तिचं लिवलंच नाही मी."

"काहून?"

नायकाचं दुःख मी रंगवून रंगवून लिहिलं होतं. जिला चिठ्ठी लिहिली, तिचा विचारही मनात आला नव्हता.

"मंग वही राहू द्या इथंच," ती म्हणाली. "मी लिवीन ते."

मी चपला घालत होतो तेव्हा त्याने तिच्याकडून पेटीतलं एक पाकीट मागवलं. दवाखान्यात गेला तेव्हा त्याच्या खिशात राहिलेली माझी चिठ्ठी. पाकिटावर त्याच्या रक्ताचे डाग होते. तोंड मी चिकटवलं होतं तसंच बंद.

"जाळाची राहून गेली," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पलटणीचं बोलावणं आलं. आता चौकीखालच्या तळावर आहे, वर चढायचा हुकूम कधीही येईल. नवा बडी माझी चिठ्ठी मागतो, आणि मी रोज उद्यावर ढकलतो.